फायरप्लेसवरच्या फळीचं काय करू?

गेल्या अंकात मी सहज एका ओळीत लिहिलं होतं की आमच्या हॉलमधली फायरप्लेस मी या उन्हाळ्यात स्वतः रंगवली, तर त्यावर इतके प्रश्न आले की या वेळचं सगळं सदर त्यालाच देऊन टाकलं. तशी वेळ पण बरोबर आहे, थंडी पडायला अजून महिना-दीड महिना आहे, खिडक्या उघड्या ठेवून काम करता येतं आणि फायरप्लेस बंदच असते.

मँटलला, म्हणजे फायरप्लेसभोवतीच्या चौकटीला आणि तिच्यावरच्या फळीला, मराठीत काय म्हणायचं हे मला अजून कळलेलं नाही. माझी आई पहिल्यांदा न्यू जर्सीला आली तेव्हा तिने ते बघितलं आणि म्हणाली, "म्हणजे चुलीवरची फळी." गावाकडे चुलीच्या वर फळी असायचीच, मिठाची बरणी आणि काडेपेटी पावसाळ्यात कोरडी राहावी म्हणून. तेव्हापासून आमच्या घरात फळीच म्हणतात, त्यामुळे खाली कुठे फळी दिसली तर समजून घ्या.

प्रश्न: ताई नमस्कार. आमचं घर नेपरव्हिलला आहे, १९९४ चं. हॉलमध्ये केशरी-पिवळ्या ओकचं मँटल, भोवती लाल विटा, आणि काचेच्या दारांना पितळी चौकट. लाकडं जाळायची खरी विटांची फायरप्लेस आहे पण वर्षातून चार-पाच वेळाच पेटवतो. मला सगळं पांढरं करायचंय, नवरा म्हणतो विटांना हात लावायचा नाही. कॉन्ट्रॅक्टरचा आकडा ऐकून दोघंही गप्प बसलो. स्वतः करायचं तर सुरुवात कुठून करू?

टेपपासून. मोजायची टेप म्हणतेय, चिकटपट्टी नाही. रंग कुठला, हँडल कुठलं हे सगळं नंतर, आधी आगीच्या तोंडापासून लाकूड किती लांब आहे ते मोजा आणि कागदावर लिहा. विटांच्या खऱ्या फायरप्लेससाठी इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोडचा (अमेरिकेतल्या घरबांधणीचा नमुना नियमसंच) नियम असा आहे की तोंडाच्या कडेपासून ६ इंचांच्या आत जळू शकेल असं काहीही नको. ६ ते १२ इंचांच्या पट्ट्यात लाकूड चालतं पण ते पुढे किती आलंय यावर बंधन आहे, तोंडापासून दर १ इंच अंतराला १/८ इंच. म्हणजे ८ इंचांवर असलेली पट्टी १ इंचच पुढे येऊ शकते आणि १२ इंचांवर दीड इंच. तुमची फळी ७-८ इंच खोल असणार, तर ती तोंडाच्या वरच्या कडेपासून १२ इंचांच्या वरच हवी. काही गावांचे नियम याहून कडक असतात, म्हणून टाउनशिपच्या बिल्डिंग ऑफिसला एक फोन करा, फुकट असतो आणि ते लोक सहसा नीट सांगतात. माप बसत असेल तर आहे ते मँटल ठेवा आणि फक्त रंगवा, पाडापाडी नको. बसत नसेल तर रंगावर पैसे घालवू नका, आधी फळी वर सरकवायची.

आता ओक. इथे मी तोंडावर आपटले होते म्हणून जरा सविस्तर लिहिते. डब्यावर "पेंट आणि प्रायमर एकातच" असं लिहिलेलं वाचून मी सरळ पांढरा पेंट मारला, दोन हात दिले, संध्याकाळी फोटो काढून सगळ्या ग्रुपवर टाकले. तिसऱ्या दिवशी बघते तर चहा सांडल्यासारखे पिवळे डाग वर आलेले. ओकमध्ये टॅनिन असतं, ते पाण्याच्या रंगातून वर झिरपतं, आणि वरून कितीही हात दिले तरी परत येतं. त्याला डाग अडवणारा प्रायमरच लागतो, ऑइलचा किंवा शेलॅकचा. शेलॅक म्हणजे आपली लाख बरं का, बांगड्यांची, गावातले सुतार स्पिरिटमध्ये चपडा लाख विरघळवून कपाटांना पॉलिश करायचे तीच. एवढा प्रवास करून ती इथे डब्यात बसलीय. वास मात्र डोकं उठवणारा असतो, खिडक्या उघडा, तोंडाला नुसतं फडकं नको तर वाफेसाठीचा मास्क लावा, आणि जवळ पायलट लाइट (गॅसची सतत जळणारी छोटी ज्योत) किंवा गॅस चालू नको, कारण त्यातलं स्पिरिट पेट घेतं.

प्रायमरच्या आधी धुणं. आणि आपल्या घरांमध्ये हे जास्त करावं लागतं, कारण आपण या फळीवर उदबत्त्या लावतो, निरांजन ठेवतो, गणपतीत समई ठेवतो, मग वर्षानुवर्षांचा तेलाचा आणि काजळीचा थर बसतो जो डोळ्यांना दिसत नाही पण रंगाला धरू देत नाही. टीएसपीचा (ट्रायसोडियम फॉस्फेट, तेलकटपणा काढणारी पावडर) जो पर्यायी क्लीनर मिळतो त्याने दोनदा पुसा, मग साध्या पाण्याने, मग वाळू द्या. कुंकवाचे नि हळदीचे डाग पूर्ण जाणार नाहीत, ते शेलॅकखाली दबतात. नंतर १२० नंबरच्या पॉलिश पेपरने चमक घालवा, सगळं वार्निश खरवडायची गरज नाही, फक्त हाताला खरखरीत लागलं पाहिजे. ओकच्या रेषा खोल असतात, त्या पांढऱ्या रंगातूनही दिसतात, मला त्या आवडतात म्हणून मी सोडल्या. तुम्हाला गुळगुळीत हवं असेल तर ग्रेन फिलर भरा, पण मग दोन दिवस जास्त धरा. प्रायमर, २२० ने हलका हात, मग इनॅमल पेंटचे दोन पातळ हात. रंग हाताला काही तासांत कोरडा लागतो पण आतून पक्का व्हायला दोन-चार आठवडे लागतात, तोवर त्यावर जड मूर्ती नि फोटोफ्रेम ठेवू नका, चिकटून बसतात आणि उचलताना रंग घेऊन येतात.

पितळी चौकट सगळ्यात सोपी आणि फरक सगळ्यात जास्त दिसतो. दारं काढून गॅरेजबाहेर न्या, बारीक स्टील वूलने घासा, काचेला मास्किंग टेप लावा, आणि हाय हीटचा काळा मॅट स्प्रे दोन-तीन पातळ हात. साधा स्प्रे घेऊ नका, उन्हाळ्यात छान दिसेल आणि डिसेंबरमध्ये फुगे येतील. पहिल्यांदा पेटवाल तेव्हा थोडा वास येतो, खिडकी उघडी ठेवा.

आता विटा, आणि इथे मी तुमच्या मिस्टरांच्या बाजूने आहे, निदान पहिला महिना तरी. विटेला एकदा रंग लावला की तो काढणं जवळजवळ अशक्यच समजा, वीट छिद्रांमधून रंग पिते. म्हणून आधी ओक आणि पितळ करा, मग महिनाभर त्या खोलीत बसा, जेवा, पाहुणे बोलवा. बऱ्याचदा असं होतं की केशरी ओक गेलं की लाल वीट एकदम चांगली दिसायला लागते, त्या दोघांचं आपसातच भांडण असतं. तरी नकोच वाटल्या तर पेंटऐवजी लाइमवॉश बघा. म्हणजे चुना. दिवाळीच्या आधी आपल्याकडे घरांना जी सफेदी काढायचे तीच कल्पना. वीट ओली करायची, पातळ केलेला लाइमवॉश ब्रशने लावायचा, आणि जिथे जास्त वाटेल तिथे ओल्या फडक्याने पुसायचा, वीट मधूनमधून दिसत राहते. पहिले काही दिवस तो पाण्याने बराचसा धुवून काढता येतो, म्हणजे नवरा फारच हिरमुसला तर परतीची वाट आहे. फक्त वीट कोरी हवी, आधी रंग किंवा सीलर लागलेला असेल तर चुना धरत नाही. विटांवर पांढरी भुकटी असेल तर ते ओलीमुळे बाहेर आलेले क्षार असतात, कोरड्या ब्रशने झाडा आणि ओल कुठून येतेय ते आधी शोधा, नाहीतर चिमणीवरचा पावसाळी प्रश्न तुम्ही हॉलमध्ये रंगाखाली झाकत बसाल.

लाकडं जाळता आहात तर वर्षातून एकदा चिमणी तपासून घ्यायची, कितीही कमी पेटवलं तरी, कारण आतल्या क्रिओसोटला (धुराचा डांबरासारखा थर) पेट घ्यायला एक रात्र पुरते. मला सगळं सामान मिळून दोनशे डॉलरच्या आतच पडलं, त्यातला एक ब्रश तर मी चुकीच्या थिनरमध्ये बुडवून घालवला. शेलॅकचा ब्रश स्पिरिटमध्ये, म्हणजे इथल्या डिनेचर्ड अल्कोहोलमध्ये, धुवायचा असतो.

प्रश्न: आमच्या घरातली फायरप्लेस गॅसची आहे, बटण दाबलं की पेटते, पुढे काच. वर मँटलच नाही, नुसता ड्रायवॉल (जिप्समची भिंत). मला तिथे जाड लाकडी बीम लावायचाय, फोटोत असतो तसा. भरीव लाकूड घेऊ का? आणि तुमचा तो ६ आणि १२ इंचांचा नियम इथे लागू आहे का? – फ्रिस्को, टेक्सस

नाही, तो नियम इथे वापरू नका. कारखान्यात बनलेल्या फायरप्लेससाठी त्या मॉडेलच्या मॅन्युअलमधलंच माप खरं, आणि दोन मॉडेलमध्ये चांगला फरक असतो. खालची जाळी उघडून आत बघा, एका धातूच्या पट्टीवर मॉडेल नंबर असतो, तो टाकून मॅन्युअल डाउनलोड करा. त्यात एक तक्ता सापडेल, फळी किती खोल असेल तर ती किती उंच हवी असा, जेवढी खोल तेवढी उंच. घर विकत घेताना हातात आलेली जुनी कागदपत्रं पण चाळा, आमचं मॅन्युअल वॉटर हीटरच्या फाइलमध्ये निघालं.

भरीव बीम घेऊ नका, माझं मत. पाठ मोडते, किंमत जास्त, आणि गरम हवेत वाळून तडे जातात. पोकळ खोका करा. वन बाय सिक्सच्या फळ्या घ्या, वर, खाली, पुढे आणि दोन टोकांना झाकणं, कडा ४५ अंशात कापून चिकटवल्या की जोड दिसतच नाही. दुकानातली वन बाय सिक्स खरी पाऊण इंच बाय साडेपाच इंच असते, हे धरून हिशोब करा नाहीतर माझ्यासारखं तीनदा दुकानात जाल. भिंतीवर आधी टू बाय फोरचा तुकडा आडवा ठोकायचा, लेव्हल लावून, आणि तो खोका त्यावर मोज्यासारखा चढवून वरून स्क्रू मारायचे.

तो तुकडा मात्र स्टडमध्येच (भिंतीतल्या उभ्या लाकडांत) गेला पाहिजे, ड्रायवॉलच्या अँकरवर नाही. स्टड साधारण १६ इंचांवर असतात पण फायरप्लेसच्या वर फ्रेमिंग वेगळं असू शकतं, म्हणून स्टड फाइंडरने शोधून बारीक खिळ्याने खात्री करा. टू बाय फोरची जाडी दीड इंच, ड्रायवॉल अर्धा इंच, म्हणजे साडेतीन इंची स्क्रू घेतला की दीड इंच लाकडात जातो, तेवढं पुरे. याहून लांब नको, त्या भिंतीमागे गरम पाइप असतो आणि वायरही असू शकते. आणि फायरबॉक्सच्या (आग जळते त्या खोक्याच्या) डोक्यावर जे पत्र्याचे ठोकळे दिसतात ते मोकळी जागा ठेवण्यासाठी मुद्दाम दिलेले असतात, कुणाच्याही सांगण्यावरून ते वाकवू नका किंवा तिथे फोम भरू नका.

प्रश्न: मँटलच्या वर टीव्ही लावायचाय. सासऱ्यांचं म्हणणं टीव्ही खराब होईल, मुलाचं म्हणणं सगळे लावतात. कोण बरोबर?

थर्मामीटर. जिथे टीव्ही येणार तिथे भिंतीवर एक साधा थर्मामीटर टेपने चिकटवा, फायरप्लेस तासभर पूर्ण चालू ठेवा, मग वाचा. टीव्हीच्या मॅन्युअलमध्ये चालायचं कमाल तापमान दिलेलं असतं, बहुतेक ४० अंश सेल्सिअस म्हणजे १०४ फॅरनहाइट. त्याच्या जवळपास आलं तर खोल फळी लावून बघा, ती गरम हवा पुढे ढकलते, आणि परत मोजा. त्यातून पास झालात तरी मानेचं काय ते सासऱ्यांना विचारा, सोफ्यावर बसून डोळ्यांच्या रेषेत स्क्रीन हवा आणि हा तर जवळजवळ छताला लागतो. आमच्याकडे टीव्ही बाजूच्या भिंतीवर आहे.

प्रश्न: माझा प्रश्न रंगाचा नाही. आमच्या घरात गणपती मँटलवरच बसतो, मागे थर्माकोलचं मखर, खाली झेंडूचं तोरण, बाजूला समया. गणपतीत ठीक आहे, पण तीच आरास आम्ही दिवाळीत लक्ष्मीपूजनाला परत लावतो आणि तेव्हा पाहुण्यांसाठी फायरप्लेस पण चालू असते. गेल्या वर्षी तोरण मधेच करपलेलं दिसलं. काही उपाय? – एडिसन

उपाय आहे पण आधी ओरडते. काकू, ते तोरण करपलं म्हणजे तुम्हाला इशारा मिळाला. फळीच्या पुढच्या कडेला लटकवलेलं तोरण बरोबर त्या गरम हवेच्या वाटेत येतं जी तोंडातून निघून फळीखालून वर वळते. ताजा झेंडू ओला असतो म्हणून फक्त करपला, कापडी किंवा प्लास्टिकच्या फुलांचं असतं तर वितळून खाली आलं असतं. आणि विटांच्या फायरप्लेससाठी ६ इंचांचा जो नियम वर लिहिला तो सजावटीने पण मोडतो, फळी नियमात बसते पण तिच्यावरून ८ इंच खाली लोंबणारी माळ बसत नाही.

थर्माकोल तर आगीच्या वर ठेवायची वस्तूच नाही, ते पेटायच्या आधीच मऊ होऊन आक्रसतं, आणि पेटलं की काळा धूर आणि जळते थेंब. तुम्ही मखर पुठ्ठ्याचं केलंत तरी तोच प्रश्न. म्हणून माझ्या घरी नियम एकच, फळीवर आरास असेल त्या दिवशी फायरप्लेस बंद, आणि बंद म्हणजे पायलट सुद्धा बंद, रिमोटचं बटण नाही. रिमोट लहान मुलांच्या हातात जातो. मी त्या दिवशी रिमोटच्या बॅटऱ्याच काढून ठेवते. लाकडाची असेल तर आदल्या रात्रीची राख पण थंड झालीय ना बघा, निखारे राखेखाली दिवसभर जिवंत राहतात, हे आपल्या आज्या सांगायच्याच, त्या तर सकाळी त्यावरच चूल पेटवायच्या.

आणि पाहुण्यांना ज्योत बघायचीच असेल तर आरास हलवा, आग नाही. तुमच्याकडे हॉलच्या कोपऱ्यात एक चौरंग आणि मागे कापडी पडदा एवढी जागा असेलच. तोरण फळीला लावायचंच तर पुढच्या कडेला न लावता वर भिंतीवर लावा, मूर्तीच्या मागून, म्हणजे ते फळीच्या वरच राहतं. त्या चिकटवायच्या पारदर्शक हुकांवर विश्वास नको, गरम झाले की सुटतात. समया फळीवर नकोत, जमिनीवर परातीत ठेवा, वर टीव्ही किंवा पडदा असेल तर नक्कीच. धुराचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आरतीत वाजतो म्हणून बॅटरी काढून ठेवणारी चार घरं मला माहीत आहेत. धुपाच्या वेळी खिडकी उघडा, पण अलार्मला हात लावू नका.

प्रश्न: फायरबॉक्सच्या आतल्या काळ्या विटा पण पांढऱ्या करता येतील का?

नाही. आत साधा कुठलाही पेंट लावू नका. काळं हवं असेल तर हाय हीटचा पेंट मिळतो, पण तो तुमच्या फायरबॉक्सला चालतो का ते आधी बघा. पांढरं केलंत तर दुसऱ्या लाकडाला परत काळं होणार आहे.

प्रश्न: आमचं घर १९५० च्या दशकातलं आहे, मँटलवर रंगाचे पाच-सहा थर आहेत. सगळे घासून मूळ लाकूड काढायचा विचार आहे, मुलगी दीड वर्षाची आहे.

थांबा, पॉलिश पेपर हातात घेऊ नका. अमेरिकेत घरांच्या रंगातलं शिसं १९७८ मध्ये बंद झालं, त्याआधीच्या घरात खालच्या थरांमध्ये ते असण्याची शक्यता धरूनच चालायचं. घासलं की त्याची धूळ होते, ती जमिनीवर बसते, आणि दीड वर्षाची मुलगी जमिनीवरच असते. आधी रंगाचा एक टवका लॅबला पाठवून तपासा. शिसं निघालं तर खरवडायचं काम परवानाधारक माणसाकडे, किंवा रंग धडधाकट असेल, पोपडे नसतील, तर त्याला न घासता वरून झाकून टाकणं जास्त शहाणपणाचं. मूळ लाकडाचा मोह मला कळतो, पण मुलगी मोठी होईपर्यंत ते लाकूड कुठे पळून जात नाही.

आणि घर लहान मुलाचं आहेच तर हर्थच्या (फायरप्लेससमोरच्या ओट्याच्या) कडेला फोमची पट्टी लावा, पण फायरप्लेस पेटवणार असाल तर तोंडासमोरचा भाग सोडून. गॅसची असेल तर पुढची काच बघा, बंद केल्यावर पण बराच वेळ हात भाजेल इतकी तापलेली असते. २०१५ पासून बनलेल्या बहुतेक गॅस फायरप्लेसबरोबर काचेपुढे लावायची जाळी येते, जुनी असेल तर ती वेगळी विकत घ्या.

प्रश्न: आम्ही पुण्यात असतो. मुलगी अमेरिकेत आहे, तिच्याकडे बघून हॉलमध्ये इलेक्ट्रिक फायरप्लेस आणि भोवती मँटल करायचंय. सुताराला काय सांगू?

पुण्यात हौसेचंच काम आहे, पण हौसेला मोल नसतं. बहुतेक इन्सर्ट (मँटलमध्ये बसवायची इलेक्ट्रिक यंत्रं) १५०० वॅटचे असतात, म्हणजे आपल्या २३० व्होल्टवर साधारण साडेसहा अँपिअर, तर त्याला १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट काढून घ्या, एक्स्टेंशन बोर्डवर लावू नका. इकडून कोणी सामानात आणून दिलं तर घेऊ नका, अमेरिकेतलं यंत्र १२० व्होल्टचं असतं. सुताराला मॅन्युअलमधलं मोकळ्या जागेचं पान दाखवा आणि हवा आत-बाहेर जायची भोकं प्लायने बुजवू नको असं दोनदा सांगा, सुतारांना कुठलीही फट दिसली की ती बंद करावीशी वाटते. हिटर न लावता नुसती ज्योत दिसेल असं बटण असतं, तुम्ही वर्षातले अकरा महिने तेच वापराल.

प्रश्न: लाकडाऐवजी दगडाची फळी केली तर चालेल का? आम्हाला कडप्प्यासारखं काहीतरी हवंय.

छान दिसेल, आणि दगड जळत नाही, पण खाली लाकडी फ्रेम असेल तर अंतराचा नियम त्या फ्रेमला लागतोच. किचनचे ओटे करणाऱ्या दुकानात उरलेले तुकडे स्वस्तात मिळतात, काळा ग्रॅनाइट मागा, इथे कडप्पा म्हटलं तर कोणाला कळणार नाही. २ सेंटिमीटर जाडीचा ग्रॅनाइट एका चौरस फुटाला साधारण ११ पौंड भरतो, तर ५ फूट लांब आणि ८ इंच खोल तुकडा ३६-३७ पौंडांचा होईल, म्हणजे दोन माणसं, लोखंडी ब्रॅकेट, आणि ब्रॅकेट विटेत असतील तर हॅमर ड्रिल आणि काँक्रीटचे स्क्रू. कडा दुकानातूनच घासून आणा, घरी ग्राइंडर चालवलात तर ती धूळ पुढची दोन वर्षं पोह्यांत सापडेल.